जपानचे आकडे तासगावच्या पोराला लावू नका

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला. चार वर्षांपूर्वी त्याच्या मांडीवर आणि कमरेखाली चार-पाच फिकट पांढरे चट्टे उठले. आधी शिबं म्हणून मलम झालं, मग कोड म्हणून औषध झालं. आशाताईंनी तपासणीत नाव लिहून घेतलं, तेव्हा कुष्ठरोगाचा संशय निघाला आणि सहा महिने त्या गोळ्याही झाल्या. चट्टे आहेत तसेच. शेवटी मिरजेला दोनदा तुकडा काढला. रिपोर्टवर 'हायपोपिग्मेंटेड मायकोसिस फंगॉइड्स' आलं. मेडिकलवाल्यानं वाचून सांगितलं की बुरशी आहे, गोळ्या घ्या. डॉक्टर म्हणाले, कातडीचा लिम्फोमा आहे, एक प्रकारचा कॅन्सर, पण घाबरू नका. माझे दीर पुण्यात असतात. त्यांनी नेटवर वाचलं की आशियातले कातडीचे लिम्फोमा व्हायरसचे असतात आणि झपाट्यानं वाढतात, आणि काळ्या लोकांत हा आजार जास्त होतो, माणसं दगावतात. आम्ही यातल्या कुणात मोडतो? बागेच्या फवारणीनं झालं असेल का? मुलीचं लग्न ठरतंय, तिकडच्यांना सांगायचं का? सासूबाईंनी त्याचा टॉवेल वेगळा केलाय.
एक आई

ताई, नमस्कार.

पत्र शेवटून घेते, कारण शेवटच्या वाक्याचा निकाल आजच लावता येईल. टॉवेल परत एकाच दोरीवर वाळत घाला. हा आजार शिवून, एका ताटात जेवून किंवा एका अंथरुणात झोपून कुणाला होत नाही. सासूबाईंना सांगा की साताऱ्यात तीस वर्षं कातडीची डॉक्टरकी केलेली बाई असं म्हणते. त्यांच्या वयाच्या माणसांनी महारोगाच्या नावाखाली गावाबाहेर काढलेली माणसं पाहिली आहेत. हात आपोआप टॉवेलकडे जातो, त्यात दुष्टावा नाही. पण पोरगं १६ वर्षांचं आहे, त्याला चट्ट्यांपेक्षा तो टॉवेल जास्त लागत असेल.

आता बुरशीचं. तुमच्या मेडिकलवाल्याची चूक दोनशे वर्षं जुनी आहे, त्याच्यावर रागावू नका. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या जाँ-लुई अलिबेर या डॉक्टरांनी १८०६ साली एका रुग्णाच्या अंगावर आळंब्यांसारख्या गाठी पाहिल्या. आपल्याकडे मृगानंतर बांधावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, तशा. त्यावरून आजाराला नाव पडलं 'मायकोसिस फंगॉइड्स'. या आजारात बुरशी कुठेही नसते आणि तुमच्या मुलासारख्या बहुतेक रुग्णांत त्या गाठीही कधी येत नाहीत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बुरशीच्या गोळ्या बंद करा. त्यांनी चट्टे जाणार नाहीत, यकृताला मात्र फुकटचं काम लागेल.

मग आहे काय हे? पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या गाठीत आपल्या संरक्षणाच्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात. त्यांच्या मुख्य दोन जाती, बी आणि टी. टी-पेशींतल्या काही सतत कातडीत गस्त घालत असतात, तेच त्यांचं घर. त्यातलं एखादं कुळ शिस्त सोडून वाढायला लागलं आणि कातडीच्या वरच्या थरात ठाण मांडून बसलं, की झाला टी-पेशींचा कातडीचा लिम्फोमा. शरीराच्या गाठींत होणारे लिम्फोमा बहुतेक बी-पेशींचे असतात. कातडीत उलट, तिथे टी-पेशींचं राज्य. मायकोसिस फंगॉइड्स हा त्यातला सगळ्यांत जास्त भेटणारा आणि बहुधा संथ चालणारा गडी.

आता दिरांचं वाचन. त्यांनी वाचलं त्यात तथ्य आहे, पण ते ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं बहुतेक वेगळी.

कातडीच्या लिम्फोमाचे डझनाहून जास्त प्रकार आहेत आणि ते जगभर सारखे पसरलेले नाहीत. युरोप-अमेरिकेत शंभरातले साधारण पंच्याहत्तर टी-पेशींचे आणि पंचवीस बी-पेशींचे. जपान-कोरियात बी-पेशींचा वाटा त्याहून बराच कमी. उलट तिथे काही टी आणि एनके (पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात) पेशींचे असे प्रकार दिसतात, जे युरोपातल्या डॉक्टरला सगळ्या नोकरीत एखाद्या वेळी भेटायचे. हे असं का, ते कळलं तर तुमची निम्मी भीती उतरेल. म्हणून जरा सविस्तर सांगते, चहा घेऊन बसा.

जपानच्या नैर्ऋत्येला क्युशू बेट आहे, त्याच्याही खाली ओकिनावा. मोठ्या माणसांत रक्तात आणि कातडीत एकदम उठणारा एक वेगळाच कॅन्सर आहे, हे कियोशी ताकात्सुकी या जपानी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडलं. त्यांना तो उमगला कसा, तर रुग्णांची जन्मगावं विचारून. उपचाराला ही माणसं क्योतोत आली होती, पण त्यातली बहुतेक जन्मली होती नैर्ऋत्येत. आपल्याकडे जुने वैद्य नाडी बघायच्या आधी 'गाव कुठलं?' विचारायचे, त्याची मला इथे आठवण येते. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेनं एचटीएलव्ही-१ हा विषाणू वेगळा काढला आणि क्युशूच्या कोड्याचं उत्तर मिळालं. गंमत म्हणजे तो सापडला कातडीचा टी-लिम्फोमा म्हणून नोंदलेल्या एका रुग्णात. त्यामुळे पुढची काही वर्षं सगळ्याच मायकोसिस फंगॉइड्सच्या मागे हा विषाणू शोधण्याची लाट आली. तुमच्या मुलाला आहे त्या नेहमीच्या आजाराशी त्याचा संबंध काही टिकला नाही. नेटवर मात्र त्या काळातली अर्धी वाक्यं अजून फिरत असतात.

हा विषाणू आईच्या दुधातून बाळाकडे, शरीरसंबंधातून आणि रक्तातून जातो. म्हणूनच तो ठरावीक घराण्यांत, ठरावीक बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहतो: क्युशू-ओकिनावा, कॅरिबियन समुद्रातलं जमैका, आफ्रिकेचे काही भाग, इराणमधलं मशहद, ऑस्ट्रेलियाच्या मध्यातले मूळ रहिवासी. विषाणू अंगात असणाऱ्यांतही जन्मभरात कॅन्सर होतो तो शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणांना. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली. ज्यांच्यात विषाणू सापडे, त्यांना बाळाला अंगावर न पाजण्याचा सल्ला दिला जाई. साखळी तिथेच तोडायची, ही कल्पना.

दुसरा विषाणू एपस्टीन-बार. याला बेटबिट काही नाही. जगातल्या दहातल्या नऊ मोठ्या माणसांत तो निवांत पडून असतो, बहुधा तुमच्या-माझ्यातही. तरी त्याच्याशी जोडलेला, नाकात सुरू होणारा आणि कातडीतही उतरणारा एनके-टी लिम्फोमा जास्त दिसतो तो चीन, कोरिया, जपानात आणि थेट समुद्रापलीकडे पेरू, मेक्सिको, ग्वाटेमालात. त्याच विषाणूमुळे काही लहान मुलांच्या चेहऱ्यावर उन्हानं फोड येऊन खड्डे पडतात, तो आजारही याच दोन पट्ट्यांतला. विषाणू सगळीकडे आणि आजार मोजक्या ठिकाणी, म्हणजे माणसाच्या उपजत घडणीतही काहीतरी असणार. तसा एक पक्का धागा वेगळ्याच आजारात मिळाला. कातडीखालच्या चरबीत होणाऱ्या एका टी-लिम्फोमाच्या बऱ्याच रुग्णांत एका जनुकातला जन्मजात बदल २०१८ साली सापडला, आणि त्याचा एक नमुना पूर्व आशिया आणि पॅसिफिकच्या बेटांवरच्या लोकांत आढळतो. युरोपातलंही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रियासारख्या भागांत काही बी-लिम्फोमांत बोरेलिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूचे अंश मिळाले. अमेरिकेतल्या रुग्णांत शोधलं तर तसं हाती लागलं नाही.

या सगळ्या नकाशात तासगाव कुठे आहे? कुठेच नाही. 'आशिया' हा शब्द भूगोलाच्या मास्तरांच्या सोयीचा. ओकिनावाचा कोळी आणि तासगावचा बागायतदार एका खंडात राहतात, म्हणून त्यांच्या कातडीत एकच गोष्ट घडत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २,७७३ लिम्फोमा तपासून २००० साली निष्कर्ष छापले. इतर आशियाई देशांत नेहमी दिसणारे नाकाचे टी-एनके लिम्फोमा आणि गाठींतले टी-लिम्फोमा भारतात तुलनेनं कमी आहेत, हे त्यात आलंय. तो हिशोब सगळ्या शरीराचा होता, एकट्या कातडीचा नव्हता, पण वारा कुठल्या दिशेचा ते कळायला पुरे. भारतात कातडीच्या लिम्फोमामध्ये नेहमी भेटतो तो मायकोसिस फंगॉइड्सच, म्हणजे तुमच्या मुलाचा.

दिरांना आणखी एक सांगा, तेही तुमच्याच बाजारातल्या भाषेत. बेदाण्याच्या सौद्यात काळ्या मालाचा टक्का कमी दिसला, तर काळा माल कमी आला की हिरवा जास्त आला, हे त्या टक्क्यावरून कळत नाही. एकरी किती निघाला ते विचारावं लागतं. लिम्फोमाच्या लेखांत हीच गफलत सर्रास होते. 'जपानात बी-पेशींचे इतके टक्के' हा आकडा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात आलेल्यांमधला वाटा असतो. अवघड रुग्ण मोठ्या हॉस्पिटलात जातात, साधे चट्टे गल्लीतल्या दवाखान्यातच राहतात. मग भयंकर प्रकारांचा टक्का आपोआप फुगतो. त्यात नावांची पक्की सामाईक यादी २००५ साली ठरली. त्याआधी एकाच आजाराला तीन देशांत तीन नावं. अशा आकड्यांची बेरीज करून कुणी तुम्हाला भीती घालत असेल, तर ते गणित मला मान्य नाही.

'एकरी किती' हे सांगणारा हिशोब अमेरिकेत आहे, कारण तिथे ठरावीक भागातल्या प्रत्येक कॅन्सरची नोंद होते. २००१ ते २००५ या वर्षांत तिथे दर १० लाख लोकांमागे वर्षाला कातडीचे १०.७ लिम्फोमा नोंदले गेले. टी-पेशींचे सगळ्यांत जास्त कृष्णवर्णीयांत, १०.०, बी-पेशींचे सगळ्यांत जास्त गोऱ्यांत, ३.५. आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांत सगळे प्रकार मिळून ७.१, म्हणजे सगळ्या गटांत कमी. म्हणजे काळ्या लोकांत हा आजार जास्त, हे दिरांचं वाक्य खरं निघालं; आशियाई म्हणून जास्त घाबरायचं, ते मात्र उलटलं. शिवाय हा 'आशियाई' म्हणजे फॉर्मवरचा एक चौकोन. न्यू जर्सीत नोकरीला असलेला आपल्याकडचा इंजिनिअर आणि कोरियन आजीबाई, दोघं त्याच चौकोनात खूण करतात.

राहिलं 'काळ्या लोकांत माणसं दगावतात' हे. इथे मात्र मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे, कारण यातला एक भाग आपल्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत हा आजार कमी वयात दिसतो आणि एकूण निकालही वाईट लागतात, हे वारंवार आढळलंय. सगळी कारणं उलगडलेली नाहीत. पण एक कारण कुणाच्याही डोळ्यांना दिसण्यासारखं आहे: पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे. गोऱ्या कातडीवर हा आजार लाल चट्टा म्हणून उठतो. सावळ्या, गव्हाळ, काळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. कधी काळपट, कधी जांभळट, आणि बऱ्याचदा, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, नुसता फिका पांढरा. निदानाला उशीर होतो आणि आजार पुढे गेलेला असतो.

तर ताई, 'आम्ही कुणात मोडतो' याचं माझं उत्तर असं. खंडानं नव्हे, कातडीच्या रंगानं तुम्ही त्या दुसऱ्या गटाच्या जवळ आहात. आणि त्या गटातला जो सौम्य प्रकार, पांढऱ्या चट्ट्यांचा, तो तुमच्या मुलाच्या वाट्याला आलाय. या प्रकारात बहुतेकदा सीडी८ नावाच्या टी-पेशी असतात, रंग बनवणाऱ्या पेशींचं काम बिघडतं म्हणून तिथला रंग उतरतो, आणि आजार वर्षानुवर्षं वरच्या थरातच रेंगाळतो. लहान वयातल्या मायकोसिस फंगॉइड्समध्ये हाच प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी कोरेगावच्या बाजूची एक शिक्षिका माझ्याकडे यायची. दंडावर एक फिका डाग. मी खिडकीच्या उजेडात पाहिलं, शिबं म्हणून औषध दिलं. कमी झालं नाही, दुसरं दिलं. अशी दोन वर्षं गेली. बाकी अंग तिनं लाजून दाखवलं नाही आणि ओपीडीच्या गर्दीत मी विचारलं नाही. एके दिवशी सिस्टरनं पडदा ओढून तिला नीट तपासायला लावलं, तर कुल्ल्यांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला तसेच सात-आठ चट्टे. या आजाराला ऊन न लागणारी झाकलेली जागा आवडते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि तिच्या बाबतीत विसरले होते. पहिल्या दोन तुकड्यांत काही ठोस निघालं नाही, तिसऱ्यात निघालं. ती आता निवृत्त झालीय. राजवाड्यावर भाजी घेताना भेटते आणि दंड पुढे करून दाखवते.

म्हणून तुमच्या मुलाला आधी कोड, मग कुष्ठरोग म्हटलं, त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. डॉक्टर आपल्या मुलखात काय जास्त भेटतं त्या क्रमानं संशय घेतो. देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण २००५ च्या अखेरीला दहा हजारांत एकाच्या खाली आलं खरं, पण जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. आपल्या भागात फिका चट्टा दिसला की आधी कुष्ठरोग आठवायलाच हवा. ओस्लोतल्या डॉक्टरला आठवला नाही तर चालेल. चुकतं ते पुढे. कापसाचा बोळा फिरवला आणि मुलाला तो नीट कळला, म्हणजे चट्टा बधिर नाही, नसा जाड नाहीत, गोळ्यांनी फरक नाही, तर यादीतल्या पुढच्या नावाकडे जायला हवं. तिथे आपण सगळेच रेंगाळतो. युरोपातल्या मोठ्या केंद्रांतसुद्धा पहिल्या चट्ट्यापासून निदानापर्यंत साधारण तीन वर्षं जातात. तुमची चार गेली. फार मागे नाही आहात.

मला कुणी विचारलं की सांगली जिल्ह्यात असे किती असतील, तर मी पाकिटावर हिशोब करते. २०११ च्या जनगणनेत जिल्हा २८ लाख २२ हजारांचा. अमेरिकेतला आशियाई दर उसना घेतला, तर सगळे कातडीचे लिम्फोमा मिळून वर्षाला वीसेक नवे रुग्ण. आपल्याकडे तरुण जास्त आणि हा आजार मुख्यतः उतारवयातला, म्हणून त्याहून कमी धरा. हा उसना आकडा आहे, त्यावर घर बांधू नका. तरी माझ्या मनात येतं ते असं की, यातले निम्मे तरी अजून कुठल्यातरी 'थ्री-इन-वन' ट्यूबखाली झाकलेले असतील. स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूचं औषध एकत्र कालवलेली ती ट्यूब आपल्याकडे बामसारखी विकली जाते. स्टेरॉइडनं हा चट्टा थोडा दबतो, तुकड्यातही चित्र धूसर येतं, आणि निदान आणखी वर्षभर लांबतं. नोंदणीचंही तसंच. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्या शेजारी बार्शीला सुरू झाली, मोठं काम आहे ते. पण कातडीच्या ओपीडीत तुकडा काढून लाईटवर, म्हणजे मशीनच्या उजेडाच्या उपचारावर, बरा होणारा मुलगा कॅन्सरच्या हॉस्पिटलची पायरीच चढत नाही. तो वहीत यायचा कसा?

आता तुम्ही काय करायचं.

दोन्ही रिपोर्ट, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यांत काढलेला तुकडा जपून ठेवलेला असतो) लॅबकडून मागून घ्या आणि कोरड्या डब्यात ठेवा. पुढे कुणाला दुसरं मत द्यायचं झालं तर त्याला कागदापेक्षा ब्लॉक लागतो. डॉक्टरांना विचारा की चट्टे अंगाच्या किती भागावर आहेत. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. तुम्ही घरीही मोजू शकता. दहा तळहातांपेक्षा कमी, चट्टे सपाट, अवधाणासारख्या गाठी नाहीत, असं असेल तर ती सगळ्यांत आधीची पायरी. त्या पायरीवरच्या रुग्णांचं आयुष्य त्यांच्याच वयाच्या इतर माणसांइतकंच असतं. तुमच्या पत्रावरून मला ही पायरी वाटते, पण मोजायचं काम मुलाला समोर पाहणाऱ्याचं. एवढ्याशा आजाराला सहसा मोठाले स्कॅन लागत नाहीत. कुणी सुचवले तर कशासाठी ते विचारा, विचारण्यात अपमान नाही.

उपचार बहुधा लाईटचा असेल, नॅरोबँड यूव्हीबी. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. डोळ्यांवर गॉगल, नाजूक जागा झाकलेली. चट्ट्यात रंग परत भरायला लागला की समजा काम चाललंय. त्याऐवजी गच्चीवर उन्हात उभा केला तर चालेल का, असं सगळेच विचारतात; नाही चालणार. मशीनमध्ये उजेडाचा नेमका पट्टा आणि मोजलेला डोस असतो, सांगलीच्या मे महिन्यात फक्त कातडी भाजेल. आणि सांगलीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या बाईला हळदीविरुद्ध सांगणं म्हणजे धाडसच, पण लेप लावू नका. अपाय फार नाही, पण पिवळ्या कातडीवर रंग परतला की नाही हे कुणाला दिसणार?

लाईट थांबवल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनी चट्टे परत येऊ शकतात, बऱ्याच जणांना येतात. परत आले म्हणजे आजार चढला, असं नाही. पुन्हा लाईट सुरू होतो. दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहा. मधल्या काळात चट्टा जाड होऊन हाताला लागायला लागला, गाठ आली, जखम झाली, सगळं अंग लाल पडून खाजायला लागलं, किंवा काटा-जखम काही नसताना जांघेत, काखेत अवधाण येऊन राहिलं, तर तारखेची वाट बघू नका.

फवारणीचं. शेतीतल्या आणि कारखान्यातल्या रसायनांवर या आजाराच्या संदर्भात अभ्यास झाले आहेत, पण बोट ठेवावं असं एकही औषध सिद्ध झालेलं नाही. फवारा उडतो तो हातातोंडावर, याचे चट्टे चड्डीखाली. यजमानांना सांगा, त्यांच्या हातून पोराला काही झालेलं नाही. मास्क आणि हातमोजे मात्र घालायला लावा. त्याची कारणं वेगळी आहेत आणि भरपूर आहेत.

मुलीच्या लग्नाबद्दल. एका घरात दोघांना हा आजार झाल्याची उदाहरणं जगात इतकी थोडी आहेत की ती लेख लिहून छापली जातात. तुमच्या मुलीची तपासणी करायचं कारण नाही, तिच्या मुलाबाळांचा तर प्रश्नच येत नाही. सांगायचं का? माझं मत विचारलंत तर सांगा. साधेपणानं, चहा घेता घेता: 'धाकट्याला कातडीचा एक संथ आजार आहे, लाईटवर चाललाय, शिवून होत नाही, वारशानं येत नाही.' आपण सांगितलं नाही तर कुणीतरी 'त्यांच्यात कॅन्सर आहे हो' एवढंच सांगणार, आणि ते वाक्य खोडायला मग दहा वाक्यं लागतात. पण त्याआधी मुलाला विचारा. अंग त्याचं आहे, कुणाला कळावं हे ठरवण्यात त्याचाही वाटा हवा. १६ वर्षांच्या पोराला न विचारता त्याच्या मांडीवरचे चट्टे सोयरिकीच्या बैठकीत निघाले, तर तो पुढच्या वेळी डॉक्टरलाही दाखवणार नाही.

दिरांना माझा नमस्कार सांगा. पुतण्यासाठी रात्री जागून वाचणारा काका बरा, न वाचणाऱ्यापेक्षा. त्यांना एक काम द्या: मिरजेत किंवा सांगलीत लाईटचं मशीन कुठे कुठे आहे, संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालू असतं, ते फोन करून काढायला लावा. अकरावीचं वर्ष तसं मोकळं असतं, लाईट याच महिन्यात सुरू झाला तर बारावीचे क्लास भरायच्या आत पहिला टप्पा संपेल.